मशीनची हजेरी

मामा,

तुमचा फोटो काल मी कॉम्प्युटरच्या टेबलावरून उचलला आणि आतल्या खोलीतल्या फडताळात ठेवला. हार, उदबत्तीचं घर, समई, सगळं त्याच्याबरोबर हलवलं. रागावू नका. पडवीत टेबल तेवढं एकच, म्हणून तुम्ही गेल्यावर सगळ्यांनी तुम्हाला तिथंच बसवलं, बंद मॉनिटरच्या पुढ्यात. तेराव्यापर्यंत तुम्ही मशीनकडे पाठ करून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होतात. हयातीत असे कधी बसला नाहीत.

मी दमलेय, मामा. रडून नाही, रडायला वेळच कुठं मिळाला. चहा करून दमले, पंगती वाढून दमले, आणि सगळ्यात जास्त दमले ते तेच तेच ऐकून. तुम्ही कसे गेलात हे मलकापुरातल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कॉम्प्युटरनं शॉक दिला म्हणे. कॉम्प्युटरनं ओढून घेतलं म्हणे. कुणी तर सांगत होतं की पडद्यातून निळा जाळ निघाला. पहिल्यांदा मी समजावून सांगायची, की बटणांना शॉक लागत नाही, डॉक्टरांनी हृदयविकार लिहून दिलाय. आता नाही सांगत. कप गोळा करते आणि विसळायला नेते.

सांगलीहून लग्न होऊन इथं आले तेव्हा सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायचं, एवढं मला घरून शिकवून पाठवलं होतं. सासऱ्याला कॉम्प्युटर शिकवावा लागेल हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही फौजेत सिग्नलला होतात, सुभेदार होऊन परत आलेले. तुमचे चिरंजीव, म्हणजे माझा नवरा, तुमच्याच वाटेनं जाऊन पार उत्तरेला. घरात तुम्ही, आत्या, मी आणि म्हैस. अशात एक दिवस तुम्ही टेम्पोतून खोकी उतरवून घेतलीत. आत्यांनी विचारलं हे काय आणलंय. तुम्ही म्हणालात, "पोरगी सांगलीत कोर्स करून आलीया. तिला काय नुसत्या भाकऱ्या थापाय आनलीया व्हय?"

"मग भाकऱ्या कोन थापनार?" आत्या म्हणाल्या.

याचं उत्तर तुम्ही कधीच दिलं नाहीत. भाकऱ्याही मीच थापल्या आणि लग्नपत्रिकाही मीच जुळवल्या. पण एक गोष्ट खरी, की भर पडवीत, रस्त्यावरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत, सासरा सुनेला चहा आणून देतो हे मलकापुरात तुम्हीच पहिल्यांदा करून दाखवलंत. कप माझ्या उजव्या हाताला ठेवायचात आणि काही न बोलता परत फिरायचात. लोक बोलले. भावकीतल्या एकानं तोंडावर विचारलं की सुबेदार, आता धुणं पण धुताय का. तुम्ही म्हणालात, फौजेत सगळ्यांचंच धुतलंय. मी तेव्हा खाली मान घालून टाईप करत बसले होते. तुमचे आभार मानायचे असतात हे त्या वेळी सुचलंही नाही, आणि नंतर ते रोजचंच झालं.

शिकवताना मात्र तुम्ही माझ्या नाकी नऊ आणलेत. दोन बोटांनी टाईप करायचात, एकेक अक्षर शोधत, आणि सापडलं की ते बटण असं दाबायचात की ते परत वर येतंय की नाही याची मला काळजी. चुकलं की "मास्तरीणबाई, तुमचं मशीन खोटं बोलतंय" म्हणायचात. फाईल कशी नकलायची, फ्लॉपी कशी घालायची, सगळं तीन-तीनदा सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं. एकच गोष्ट तुम्ही पहिल्या फटक्यात उचललीत, आणि ती शिकवल्याचा मला पुढं कायम पश्चात्ताप झाला. ती म्हणजे चेकडिस्क.

काळ्या पडद्यावर ती पाच-सहा अक्षरं लिहून एंटर मारलं की मशीन आपल्या पोटातली डिस्क तपासतं आणि सांगतं, एवढ्या फाईली आहेत, एवढी जागा भरलीय, एवढी मोकळी. आणि लिहिता लिहिता वीज गेल्यामुळं कुठल्या फाईलीचे तुकडे बेवारशी पडले असतील तर तेही सांगतं. महिन्यातून एकदा पुरे, असं मी सांगितलं होतं. तुम्ही ते रोज सुरू केलंत. अंघोळ, देवपूजा, मग मशीन. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी आधी चेकडिस्क. आतून मला ओरडून विचारायचात, "मशीनची हजेरी घेतली का गं?" मी म्हणायची, मामा, ते काय पलटण आहे का. तुम्ही म्हणायचात, "समदी हायत का न्हाईत ते बघाय नगं व्हय?"

आणि आपलं खरं भांडण त्याच्या पुढचं. नुसती चेकडिस्क फक्त बोलते, करत काही नाही. दुरुस्ती हवी असेल तर पुढं एक तिरकी रेघ आणि एफ लावायचं. मग मशीन विचारतं, हे बेवारशी तुकडे फाईल करून ठेवू का? वाय दाबलं की ठेवतं, एन दाबलं की टाकून देऊन जागा मोकळी करतं. मी कायम एन म्हणत आले. त्या तुकड्यांत असतं काय? अर्धी पत्रिका, कुणाचा अर्धा अर्ज, प्रश्नपत्रिकेचे उरलेले प्रश्न. पूर्ण फाईल आपल्याकडे असतेच, नसली तर मी परत टाईप करते. आणि डिस्कवर जागा ती केवढीशी. तुम्ही मात्र दर वेळी वाय. त्या तुकड्यांसाठी तुम्ही वेगळा कप्पा केलात आणि त्याला इंग्रजीत नाव दिलंत, मिसिंग.

मी एकदा चिडून विचारलं, असं काय आहे त्यात. तेव्हा तुम्ही मला तुमच्या पलटणीतल्या त्या पोराचं सांगितलंत, खंडाळ्याकडच्या. लढाईत तार टाकायला गेला तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीला त्याचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी परत घेतलं. "बेपत्ता म्हंजी मेल्याला न्हाई, पोरी. घावत न्हाई तवर नाव घ्यायचं. उत्तर येतंय का न्हाई, ते मागनं."

मी म्हणाले, "मामा, ही लग्नपत्रिका आहे. जवान नाही."

तुम्ही म्हणालात, "तुला काय ठावं, कुनाचं काय असंल त्यात."

पण मी अजूनही म्हणते की दहातले नऊ तुकडे टाकून द्यायच्याच लायकीचे होते. तुम्ही गेलात म्हणून हे भांडण मी सोडलेलं नाही.

आता बाबूरावांचं. आपल्या भिंतीला भिंत लावून त्यांची पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की आपल्याकडचा दिवा मलूल व्हायचा आणि मशीन कधी कधी बसकण मारायचं. त्यावरून तुमची दोघांची तोंडं कितीदा वाजली असतील. शेवटी तह झाला. गिरणीचा पट्टा टाकायच्या आधी बाबूराव भिंतीपलीकडून आवाज द्यायचे, "सुबेदार, पट्टा टाकतोय!" तुम्ही आहे ते साठवून घ्यायचात आणि उलटा आवाज द्यायचात, "टाका!" मग पट्टा पडायचा. फौजेतल्या वायरलेसवर बोलल्याच्या थाटात तुम्ही दोघं हे दिवसातून कितीतरी वेळा करायचात. गल्लीतल्या बायका त्यावरून हसायच्या.

त्या दिवशी मी सांगलीला होते, माझ्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. "जा निवांत, बाबूरावाच्या पोरीची पत्रिका मी करतो" असं म्हणून तुम्हीच मला एसटीत बसवून दिलंत. आत्या मागं गोठ्यात. बाबूरावांनी आवाज दिला, सुबेदार, पट्टा टाकतोय. उत्तर नाही. परत दिला. मग ते बघायला आले. तुम्ही बटणांवर वाकलेले, हात बटणांवर, आणि मशीन सारखं पीं पीं करतंय.

बाबूरावांच्या गिरणीत मागं एक गडी विजेला चिकटला होता, तो त्यांनी मेन स्विच पाडून आणि लाकडानं ढकलून सोडवला होता. हात लावला असता तर दोघं गेले असते. ती गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की. त्यांनी तेच केलं. धावत जाऊन आपल्या मीटरचा मेन पाडला, दारामागचा बांबू घेतला आणि तुम्हाला ढकलून मशीनपासून सोडवलं. तो बांबू आधी मशीनच्या डब्याला लागला. तिथं पोचा आलाय, हाताला लागतो.

मी संध्याकाळच्या एसटीनं उतरले तर घरासमोर माणसं.

डॉक्टर म्हणाले की हृदयाचा झटकाच मोठा होता, कुणी काही केलं असतं तरी उपयोग नव्हता. ते मला पटलंय. बाबूरावांना पटलं की नाही ठाऊक नाही. आत्यांना पटलं नाही. त्यांचं एकच. "सोन्यासारख्या मानसाला गुरागत लाकडानं ढकाललं. कुनी हात लावला न्हाई." आणि दुसरं, "त्या डबड्यानं खाल्लं त्यास्नी." त्यांनी बाबूरावांशी बोलणं टाकलं आणि मशीनकडं बघणं टाकलं. बाबूराव खांद्याला आले होते, नंतर घरात पाऊल नाही. गिरणी पुन्हा सुरू झाली तशी मी आतून ऐकायची. पट्टा टाकायच्या आधी ते क्षणभर थांबतात. आवाज काही येत नाही. मग पट्टा पडतो.

तुमचाही राग येतो, मामा. मिरजेला दाखवून येऊ म्हणून मी किती मागं लागले होते. जिना चढताना दम लागत होता, रात्री छातीवर हात ठेवून बसायचात, मला सगळं दिसत होतं. एकदा कराडला जाऊन बीपी मोजून आलात, गोळ्या लिहून दिल्या त्या फडताळात तशाच. नुसती चेकडिस्क, पुढं एफ नाही. मशीनची रोज हजेरी घेणाऱ्या माणसानं स्वतःची एकदा नीट घेऊ नये? हे मी तुम्हाला तोंडावर बोलले होते आणि तुम्ही हसून म्हणाला होतात की माझ्यात बेवारशी तुकडं न्हाईत. तेव्हा मीही हसले.

तुमचे चिरंजीव रजेवर आले ते तेराव्यापर्यंत राहिले. चांगले वागले, सगळं निस्तरलं. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले की मशीन विकून टाकू, कराडचा एक जण बघायला येणार आहे रविवारी. आईला ते डोळ्यांसमोर नको वाटतं, आणि तू तरी एकटी किती करशील. मला त्यांच्याशी भांडायला हवं होतं. पण अंगात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर वाटलं की जाऊ दे. सकाळी भाकऱ्या, दुपारी म्हैस, बास. कुणाची पत्रिका नको, कुणाची घाई नको. मग ते गाडीत बसून गेले आणि घरी येऊन पडवीत बघितलं तर टेबलावर तुम्ही, फोटोत, मिशीला पीळ देऊन. मशीन गेल्यावर पडवीत मी कशाला बसणार होते? मी परत आतल्या घरात जाणार होते, कायमची. ते तुम्ही ज्या दिवशी खोकी उतरवलीत त्या दिवशी बंद केलं होतंत.

परवा नळावर बाबूरावांची बायको भेटली. मुलीचं लग्न तोंडावर आलंय. मी विचारलं, पत्रिका झाल्या का. ती इकडं तिकडं बघत म्हणाली, "कराडला टाकायच्या म्हंतोय. पर ह्यांचा पायच निघंना. म्हंत्यात, त्या मानसानं हातात घेतल्यालं काम दुसऱ्याकडं कसं द्यू?" आणि घागर उचलून निघून गेली.

म्हणून काल मी आत्यांना म्हणाले की रविवारी गिऱ्हाईक येणार, मशीन चालू आहे की नाही तेवढं बघून ठेवते. आत्या तांदूळ निवडत होत्या. "बघ काय बघायचं त्ये," म्हणाल्या. "मी न्हाई तितं थांबायची."

फोटो हलवला, वरचं प्लॅस्टिक काढलं. तेराव्याला कुणीतरी घरभर गोमूत्र शिंपडलं होतं ते प्लॅस्टिकच्या फटीतून बटणांवरही पडलेलं, ते ओल्या फडक्यानं पुसलं. चालू केलं. मशीननं नेहमीसारखा आवाज केला, आणि आत कुठंतरी एक टकटक, पूर्वी नव्हती ती. काळा पडदा आला. मी दुसरं काही केलं नाही. तुमच्यासारखी आधी चेकडिस्क मारली. नुसती, पुढं एफ न लावता.

फाईली तेवढ्या होत्या. खाली ओळ आली, बेवारशी तुकडे सापडलेत.

मी एफ लावून परत मारली. मशीननं विचारलं, फाईल करून ठेवू का? माझं बोट सवयीनं एनकडं गेलं होतं, मामा. खोटं कशाला सांगू. मग थांबले. पडवीत कुणी नव्हतं, भिंतीपलीकडं गिरणी चालू होती. मी वाय दाबलं.

ती फाईल आपल्या मराठीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, ते टाईप केलेलं अधूनमधून आपणहून डिस्कवर लिहीत असतं. वरती थोडा कचरा होता, चिन्हं नुसती. मग सरळ अक्षरं सुरू झाली. आमच्या येथे श्रीकृपेकरून. आमची कनिष्ठ कन्या चि. सौ. कां. कल्पना हिचा. तिथं तुम्ही थांबलात. 'हिचा'च्या पुढं त होता. मग परत त. मग त, त, त, ओळीच्या ओळी त, पडदा भरून, खालच्या पानावर, त्याच्या खालच्या पानावर. पान संपलं की आपलं सॉफ्टवेअर पीं पीं करतं. तेच ऐकलं होतं बाबूरावांनी.

आत्या मागं कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. मशीनच्या आवाजानं आल्या असतील.

"काय गं त्ये?"

मी सांगितलं की बाबूरावांच्या कल्पनाची पत्रिका, मामा करत होते ती.

"आनि ह्ये? एकच एक?"

"तिथं त्यांचा हात होता, आत्या," मी म्हणाले. "त्या बटणावर. लाईट जाईपर्यंत होता."

आत्यांना वाचता येत नाही. पण त्या अक्षरांत काही वाचण्यासारखं नव्हतंच. त्या टेबलाशी आल्या आणि पडद्यावर हात ठेवला, त्या ओळींवर, सगळा तळवा टेकवून. काच गरम असते, त्यांनी हात मागं घेतला नाही. मग विचारलं कुठलं बटण, ते मी दाखवलं, त्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता त्या मशीनला शिव्या देतील. त्या खाली जमिनीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या, तेराव्यापर्यंत रडल्या नव्हत्या तशा. मीही रडले, मामा. पहिल्यांदाच, धड.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "पुरं कर त्ये. लोकांच्या पोरीचं लगीन आडलंया."

मी पाठीमागं पुसायचं बटण दाबून धरलं. शेवटच्या पानापासून त पुसत पुसत वर यायला लागले. एका झटक्यात सगळं खोडता येतं, मला येतं ते. पण मी तसं केलं नाही, आणि आत्या बघत बसल्या. सगळे गेले आणि 'हिचा' तेवढं राहिलं. पुढं लिहायचं काय, तर मुलाचं नाव मला ठाऊक नव्हतं. बाबूरावांनी दिलेला मजकुराचा कागद त्या दिवशीच्या गर्दीत कुठं गेला कुणास ठाऊक.

"जावयाचं नाव हवं," मी म्हणाले.

आत्या उठल्या. पडवीच्या टोकाला गेल्या, पदर सारखा केला आणि भिंतीपलीकडं आवाज दिला, "आवं बाबूराव! तुमच्या जावायाचं नाव काय?"

गिरणी बंद झाली. दळण घेऊन आलेल्या बायका तशाच उभ्या राहिल्या असणार. पिठानं पांढरे झालेले बाबूराव आपल्या दारात आले, आणि पायरीवरच थांबले. आत्या म्हणाल्या, आत या. ते आत आले, पडद्याकडं बघितलं, मुलीचं नाव वाचलं. मग म्हणाले, "वैनी, मी हात लावाय पायजे हुता. गिरनीतलं डोक्यात हुतं माज्या. मला वाटलं, वाचवतोय मी."

"तुमी आवाज दिलासा म्हनून तर कळलं," आत्या म्हणाल्या. "न्हाईतर मी गोठ्यातच बसली असती. नाव सांगा जावायाचं."

बाबूरावांनी नाव सांगितलं, मी टाईप केलं. मुलाच्या वडिलांचं नाव, गाव, मुहूर्त, सगळं त्यांच्या तोंडून घेतलं. खाली निमंत्रकांच्या नावांत त्यांनी तुमचं नाव घालायला सांगितलं. मी म्हणाले, गेलेल्या माणसाचं निमंत्रकांत घालत नाहीत. ते म्हणाले, "मग कुटं घालत्यात तितं घाला. पर घाला." मी वरच्या बाजूला आशीर्वादाच्या ओळीत घातलं. तिथंही घालत नाहीत बहुतेक. पण आपण त्यांची भावकी नाही, त्यांना तुमचं सुतकही नाही, आणि पत्रिका त्यांची. कुणी नावं ठेवली तर ठेवोत.

ते गेल्यावर आत्या म्हणाल्या, "आयतवारी कोन येनार हाय म्हनं मशीन बघाय?"

"हो."

"येऊं दे. चा पिऊन जाऊं दे."

तुमच्या चिरंजीवांना हे एसटीडीवरून मी सांगणार नाही, आत्यांनाच घेऊन जाणार आहे बूथवर. त्यांचं त्यांनी बघावं.

आज सकाळी मी मशीनची मोठी तपासणी लावलीय, स्कॅनडिस्क. ती टकटक मला बरी वाटत नव्हती. ही तपासणी डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचून बघते, पडद्यावर लहान लहान चौकोन एकेक करून भरत जातात. त्याला फार वेळ लागतो, म्हणून शेजारी बसून हे लिहितेय. मध्यावर एका जागी चौकोनात बी उमटलाय, त्याच्या शेजारी अजून एक. बांबू लागला तेव्हा झालं असणार. ती जागा आता मशीन वापरणार नाही, तिच्या आजूबाजूनं लिहील. बाकी आतापर्यंत सगळं ठीक आहे. मिसिंगचा कप्पा शाबूत आहे. कालचा तुकडा मी त्यातच ठेवला, सगळ्या त सकट. तुमच्या बाकीच्या तुकड्यांना मी अजून हात लावलेला नाही. जागा संपली की बघू, तेव्हा परत भांडू.

मघाशी भिंतीपलीकडून आवाज आला, "सूनबाई, पट्टा टाकतोय!" मी पटकन उठून पडद्याकडं बघितलं, काही साठवायचं नव्हतं, तपासणीच चालू होती. तुमच्यासारखं जोरात ओरडायला मला जमत नाही, लाजही वाटते. तरी ओरडले. टाका. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थबकली, मग हसून पुढं गेली. दिवा मलूल झाला आणि पुन्हा उजळला.

आणि आता आत्या आतून चहा घेऊन आल्या. कप माझ्या उजव्या हाताला ठेवला, जरा थांबल्या, पडद्यावरच्या चौकोनांकडं बघत.

"हजेरी घेतली का गं मशीनची?" म्हणाल्या.

घेतली, मामा.